उंबरठ्याचा काही दोष नव्हता, बाई

बाई, आज सकाळपासून मी एका जागी बसून आहे. तू हे पाहिलं असतंस तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असतास. लहानपणी थोरली बहीण म्हणून तू मला जेवायला बसवायचीस तेव्हा मी घासाघासाला उठून अंगणात चक्कर मारून यायचो. पुढे तीस वर्षं मास्तरकी केली, तीही खुर्ची तपासणीला येणाऱ्या डिप्टीसाहेबांसाठी राखून ठेवून. आजही मन बसलेलं नाही. फक्त बाकीचा मी बसलो आहे.

का बसलो आहे ते सांगतो. पण माझी खोड तुला माहीत आहे. मी आधी दुसऱ्याची चूक सांगतो, मग माझी.

उद्या तुला जाऊन महिना होतो. तुझा मुलगा वामन आज दुपारच्या मोटरीनं चांद्याहून येतो आहे. तो आला की मला त्याच्याशी एक खोटं बोलायचं आहे, नाहीतर एक खरं. कोणतं, ते ठरत नाही. खोटं बोललो तर मी माझ्या घरात राहतो. खरं बोललो तर तुझं नाव राहतं. अशा अडचणीच्या वेळी मी तुझ्याकडे येऊन आंबील पीत बसायचो आणि तू माझं डोकं ठिकाणावर आणायचीस. आता आंबीलही नाही आणि तूही नाहीस, म्हणून कागद काढला.

बाहेर फाल्गुन लागला आहे. मोहाचं फूल पडायच्या आधी झाडाखालची जागा साफ व्हावी म्हणून लोक पाचोळा जाळून राहिले आहेत. दर वर्षीचंच. पण यंदा जंगलाच्या कडेला धुराची रेघ दिसली की मी उठतो, तुझ्या घराच्या दिशेनं चार पावलं जातो, आणि मग आठवतं की तुझी निखाऱ्यांची गोरसी आता थंड आहे. तरी दुसऱ्या दिवशी धूर दिसला की पुन्हा उठतो. आज मात्र तीनदा धूर दिसला आणि तिन्हीदा उठता आलं नाही.

ज्येष्ठातली ती संध्याकाळ आठवते? माझी बायको गेल्यापासून रोज दिवेलागणीला मी तुझ्याकडे जेवायला यायचो. पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, हा तुझा नियम. त्यासाठी तू दारापासून पाच पावलांवर मोठा दगड टाकून ठेवला होतास, पाणी उताराला लागून केळीला जावं म्हणून. पाण्याचा गुंड मात्र दारापाशी असायचा. म्हणजे दारापाशी येऊन तांब्या भरायचा, दगडापर्यंत परत जायचं, पाय धुवायचे आणि पुन्हा यायचं. तुझ्या विद्वान भावाला हा हिशेब कधी पटला नाही. मी दारातच उभा राहून पायांवर पाणी ओतायचो. उजव्या पायाचं उंबरठ्याच्या बाहेर, डाव्या पायाचं बहुतेक आत. तू म्हणायचीस, मास्तर, सारवण चिघळते. मी म्हणायचो, दोन थेंबांनी काय होतंय.

त्या दिवशी तू एका हातात पेटती चिमणी आणि एका हातात आंबिलीचा गंज घेऊन दाराकडे आलीस आणि पडलीसच. मनगट दुखावलं. माणसं जमायच्या आत मी निकाल सांगून मोकळा झालो: उंबरठ्यानं पाडलं. गावात मास्तरनं सांगितलेलं कोणी तपासून पाहत नाही. तू तेवढी पडल्या पडल्या जमीन चाचपून पाहत होतीस.

"मास्तर, इथी ओलं कायचं हाय?"

मी म्हणालो, आंबील सांडली आहे, दुसरं काय. तू बोटं नाकाशी नेलीस. आपलं भांडण तिथून सुरू झालं ते तू गेलीस तरी मिटलेलं नाही. तू म्हणायचीस पाणी, मी म्हणायचो उंबरठा.

वामन आला. मनगटाला बांधलेला पाला पाहून त्याचा चेहरा उतरला आणि मग चढला. त्यानं घरभर फिरून पाहिलं. खाटेवर वाकळीखाली धानाची तणस, खाटेखाली गोरसी. निखाऱ्यांनी भरलेलं मातीचं भांडं झोपणाऱ्याच्या पाठीखाली ठेवायचं, ही आपल्या झाडीपट्टीतली थंडीची सोय. कारकुनी करून करून त्याला ती आता पेटलेली चिताच दिसायला लागली होती. हिवाळ्याला अवकाश होता, गोरसीत राखसुद्धा नव्हती, तरी त्यानं ती पायानं बाहेर लोटली. आणि शर्त घातली. पडणं किंवा जळणं, दोहोंपैकी एक जरी पुन्हा झालं, तर तो सामान बांधून तुला चांद्याला नेणार. चांद्याला त्याच्या दोन खोल्या आहेत, माडीवर, खाली उतरायला लाकडी जिना. तू शांतपणे विचारलंस, पडू नये म्हणून मले जिन्यावर ठेवतो का? मग म्हणालीस, सरकारनं अख्खा जिल्हा उचलून मुंबईले जोडला, आता तू मले चांद्याले जोड.

वामन हसला नाही. हसायला मी होतो. आणि त्या हसण्याच्या भरात मी त्याला वचन दिलं की या घरात यापुढे कोणी पडणार नाही आणि काही जळणार नाही. मास्तर माणूस. एखादी गोष्ट शिकवायची म्हटली की ती मला येते असंच मला वाटत आलं आहे.

पहिल्याच दिवशी मी तुझ्या भिंतीवर गेरूनं नियम लिहिले. तुला वाचता येत नव्हतं, पण नियम लिहायचे असतात. पहिला नियम, चालताना एक हात रिकामा ठेवणे. तू तो माझ्याकडून वाचून घेतलास आणि विचारलंस, रिकाम्या हाताचं का करू? मी म्हणालो, नियम आहे. तू म्हणालीस, बरं. आणि दोन्ही हातांत दोन गुंड घेऊन विहिरीवर गेलीस.

मग तू धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बायकांवर लक्ष ठेवायला शेताच्या धुऱ्यावर गेली असताना मी तो पराक्रम केला. सुताराची करवत मागून आणली आणि तुझ्या दाराचा उंबरठा कापून काढला. सागवानाचा, चांगला वीतभर उंच, तुझ्या लग्नाच्या वर्षी बसवलेला. दोन तास लागले आणि तळहाताला चार फोड आले, पण मन असं हलकं झालं म्हणून सांगू. आज मला कळतं की मी उंबरठा कापत नव्हतो, साक्षीदार संपवत होतो. त्या लाकडाचा मी वर एक पाटही करून ठेवला, तुला चुलीपुढे बसायला. स्वतःची अक्कल इतकी आवडण्याचे प्रसंग माणसाच्या आयुष्यात थोडे येतात.

तू चिखलाच्या पायांनी परत आलीस, दाराकडे पाहिलंस. दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं ते दार. रोज सकाळी हळदीकुंकवाचं बोट कुठे टेकायचं, एवढंच तू विचारलंस. मी पाट पुढे केला. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. त्याच दोन दिवसांत झड लागली आणि अंगणातले बेडूक पाव्हण्यासारखे घरात यायला लागले. मी ते एकेक करून बाहेर नेऊन सोडत होतो आणि तू चुलीपुढे पाटावर बसून पाहत होतीस.

श्रावणात तू पडलीस. भर दुपारी, कोरड्या जमिनीवर, हातात काही नसताना. म्हणजे माझे सगळे नियम पाळून. मी समोर ओसरीवरच होतो, मी पाहिलं. तू आतून आलीस, दारापाशी तुझा पाय उचलला गेला, चांगला वीतभर, जिथे आता काहीच नव्हतं तिथून पलीकडे जायला, आणि खाली टेकायच्या आधीच तुझा तोल गेला. पन्नास वर्षं तो पाय त्या जागेवर डोळ्यांना न विचारता उचलला गेला होता. मी लाकूड कापलं. पायातली ती सवय कापायला माझ्याकडे करवत नव्हती.

गुडघ्यावर पडलीस. मी उचलायला धावलो, तर तू आधी हसलीस, मग ओठ आवळलेस.

"मास्तर, तू माह्या पायाले सांगतलं होतं का?"

बाई, डिप्टीसाहेबांनी तीस वर्षांत मला पुष्कळ प्रश्न विचारले. असा एकही नाही.

पुढे पोळ्याला वामन आला. तुझा गुडघा तांब्याएवढा सुजलेला. तू पहाटेच चुलीपुढे जाऊन बसलीस, पाय लुगड्याखाली दुमडून, आणि मला सांगितलंस की आज वाढायचं काम माझं. मी वाढलं. वरण पानाबाहेर गेलं, पुरणपोळीचे तुकडे झाले. वामन पाहत होता. शेवटी त्यानं विचारलं, मामा, आई उठून काऊन नाई राह्यली? मी तयार होतो. मी म्हणालो, तिचा नवस आहे, नवे धान घरात येईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही.

वामननं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कोणता उंबरठा, मामा?"

आयुष्यात मी खोटं बोललो ते असंच, अर्धं. पुढचं अर्धं नेहमी तू बोललीस. चुलीतली लाकडं सारत, वर न पाहता तू म्हणालीस, "मीच काढाले सांगतला. उगाच पायात येऊन राह्यला होता." आणि तू उठलीस. दुमडलेल्या पायावर उठलीस, रांजणापर्यंत गेलीस, पेला भरलास, येऊन वामनच्या पुढ्यात ठेवलास आणि परत जाऊन बसलीस. बारा पावलं. मी मोजली. वामन पाणी प्यायला, म्हणाला, दिवाळीपर्यंत पाहतो. तुझ्या वरच्या ओठावर घाम होता, तो त्याला चुलीचा वाटला.

तो गेल्यावर तू चार दिवस उठली नाहीस.

मी पाट फोडून पुन्हा उंबरठा बसवला. पाट करताना लाकूड चार बोटं कमी झालं होतं, तिथे फणसाचं ठिगळ मारलं. तू ठिगळालाही हळद लावलीस. पण गुडघा काही सरळ झाला नाही. पूर्वी गावभर फिरणारी तू, पावसाळा संपेपर्यंत घरात बसायला शिकलीस. मी त्यावरही म्हणालो, बरं झालं, बसलेला माणूस पडत नाही.

दिवाळीही तू वामनपुढे अशीच बसून निभावलीस. पौषात थंडी पडली आणि मी गोरसीकडे वळलो. वचनातलं निम्मं, जळण्याचं, अजून शिल्लक होतं. एका सकाळी मी तुझ्या ओसरीवर उभा राहून तुला समजावून सांगत होतो की खाटेखाली विस्तव ठेवणं हा अडाणीपणा आहे, तणशीला ठिणगी लागायला वेळ लागत नाही, आणि म्हातारपणी धूर लवकर कळत नाही. बरंच चांगलं बोलत होतो. तू माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होतीस.

"मास्तर, तुह्या घरून धूर निघून राह्यला."

मी म्हणालो, विषय बदलू नको.

मग मलाही वास आला. सकाळी तुला उपदेश करायच्या घाईत माझी गोरसी माझ्याच खाटेखाली राहिली होती, निखारे उघडे, आणि वाकळीचं टोक खाली लोंबत. मी पळालो, दारात जाऊन उभा राहिलो आणि बाई, मला काही सुचेना. तीस वर्षं पोरांना शिकवलं, आग लागल्यास काय कराल? उत्तर पाठ होतं. हात हलत नव्हते. तेवढ्यात मागून तू आलीस. त्या गुडघ्यानं, दोन्ही हातांत दोन भरलेले गुंड, एकही हात रिकामा नाही, ठिगळाच्या उंबरठ्यावरून, अंगणातून, माझ्या दारातून. पहिला गुंड तणशीवर, दुसरा वाकळीवर. मग पायानं गोरसी बाहेर ओढलीस आणि वर राख लोटलीस. हाताला फोड आला तो पाण्यात बुडवून धरलास.

नंतर तू मला सांगितलंस, जे मी पन्नास वर्षांत विचारलंच नव्हतं. तू गोरसी खाट तापेपर्यंतच ठेवायचीस. अंग टेकायच्या आधी बाहेर काढायचीस, निखारे राखेत पुरायचीस, उशाशी भरलेला गुंड ठेवायचीस. कोण्या रात्री चुकली नाहीस. आणि मी तुला शिकवायला आलो होतो.

मी विचारलं, वामनला सांगशील का? तू म्हणालीस, "काऊन सांगू? त्यानं तुलेबी उचलून चांद्याले नेलं तं मी भांडू कोणासंग?"

माघात तुला ताप भरला. तीन दिवस. तू तुझ्या घरात, तुझ्या खाटेवर गेलीस. कोणी पडलं नाही, काही जळलं नाही. वचन पुरं झालं, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या रडण्यात मला क्षणभर चक्क जिंकल्यासारखं वाटलं, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगता येईल? मग वैद्यबुवा हात धुता धुता सहज बोलून गेले की श्रावणात पडल्यापासून बाईचं हिंडणं बंद झालं, आणि बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची छाती लवकर भरते. ते सहज बोलले. तेव्हापासून माझं मन बसलेलं नाही.

वामननंही ते ऐकलं. श्रावणातलं पडणं त्याला तिथेच कळलं. तेराव्याच्या पंगतीत तो पाव्हण्यांना सांगत होता, आईनं हट्टानं उंबरठा काढाले लावला, अन् तिथंच पडली, कोणाचं ऐकलं नाई तिनं. दोघा-तिघांनी माना हलवल्या, म्हातारी हट्टीच होती म्हणाले. मी शेजारी बसलो होतो. माझ्या तोंडात लाडू होता. तो गिळून झाल्यावरही मी बोललो नाही.

जाताना वामन माझ्या पाया पडला आणि म्हणाला, मामा, आता तुमीबी एकटेच. एखाद वेळी पडले-बिडले तं मी काही ऐकणार नाई. शर्त तीच, शब्द तेच. तुझी शर्त वारशानं माझ्याकडे आली.

तर काल संध्याकाळी काय झालं ते आता सांगतो.

मी रोज तुझ्या घरी दिवा लावायला जातो. गुंड अजून दारापाशी भरून ठेवतो. काल गेलो, दारातच उभा राहून पायांवर पाणी ओतलं, नेहमीसारखं. एका हातात चिमणी घेतली, दुसऱ्यात तेलाची वाटी. उजवा पाय आपणहून उचलला गेला, उंबरठ्यावरून अगदी बरोबर पलीकडे गेला, ठिगळाला लागलासुद्धा नाही, आणि आतल्या ओल्या सारवणावर टेकला.

चिमणी पडता पडता विझली, तेवढं नशीब. मी आडवा पडलो होतो आणि माझा गाल जमिनीला लागला होता. डोळ्यांसमोर उंबरठा. कोरडा, सरळ, फटीत तुझी हळद अजून अडकलेली. आणि माझ्या गालाखाली ओल. मी बोटं नाकाशी नेली. आंबिलीचा वास नव्हता.

बाई, पाणी माझ्या पायांचं होतं. ज्येष्ठातही माझ्याच पायांचं होतं. आणि मला ते काल कळलं नाही, मला ते ज्येष्ठातच माहीत होतं.

घोटा सुजला आहे, तुझ्या गुडघ्यासारखाच. भिंत धरत धरत घरी आलो, कोणी पाहिलं नाही. आज पहाटे सराव केला. चुलीपासून रांजणापर्यंत जायचं, पेला भरायचा, यायचं, चेहरा न बदलता. तिसऱ्या पावलाला ओरडलो. तू बारा चालली होतीस. आणि मी ती चाललो तरी पुढचं अर्धं खोटं बोलायला चुलीपुढे कोण बसलं आहे?

लपवलं तर कदाचित निभेल. वामन दोन दिवस राहील, मी नवस सांगेन, तो चांद्याला जाईल. मी माझ्या घरात, आणि तू पंगतीपंगतीत हट्टी म्हातारी, जिनं स्वतःच्या हातानं आपला उंबरठा काढवला. माझ्यासाठी तू ते नाव घेतलंस, चुलीतली लाकडं सारत, वर न पाहता. परत मागितलं नाहीस. मागितलं असतंस तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता द्यावं लागलं असतं. आता न मागता कसं द्यायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

फाट्यावर मोटरीचा भोंगा वाजला. वामनला तिथून चालत यायला थोडा वेळ लागेल. तो आधी तुझ्याच घरी जाईल. त्याच्या आधी मला तिथे पोचलं पाहिजे.

गुंड मी दारापासून हलवणार आहे. दगडाशी नेऊन ठेवतो, केळीजवळ, जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता. भरलेला गुंड मला एका हातानं उचलवत नाही, म्हणून तो रिकामा करून नेईन आणि तिथे तांब्या तांब्यानं भरीन. दार ओलांडताना मात्र काठी एका हातात, दुसरा हात रिकामा. तू विचारायचीस, रिकाम्या हाताचं का करू? चौकट धरायची, बाई. एवढं साधं होतं, मला तेव्हा सुचलं नाही.

वामन आला की पाय धुवायला पाणी मागेल. मी त्याला दगड दाखवीन. तो म्हणेल, मामा, गुंड इतक्या दूर काऊन नेला?

आणि मग मला सांगावंच लागेल.